लिफीपासून लीपर्यंत

डब्लिनचं कस्टम हाऊस पाहायचं तर लिफी नदीच्या दक्षिण काठावरून, रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या पूर्वेला उभं राहून पाहावं. पुलाच्या पश्चिमेला थांबलं तर तो पूलच अर्धी इमारत झाकून टाकतो. पाण्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली फिकट, दुधाळ दगडाची इमारत, मधोमध खांबांचा दर्शनी मंडप आणि त्याच्या मागे उंच घुमट. खालच्या भिंती उजळ, पण घुमटाखालचा गोल कंठ राखाडी. पाऊस पडून गेला की तो आणखी काळवंडतो. नवख्या माणसाला तो आगीचा धूर बसलेला वाटेल. आगीशी त्याचा संबंध आहेच, पण तो धूर नव्हे. खालचा दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा आहे, वरचा आयर्लंडच्याच मीथ परगण्यातल्या आर्डब्रॅकनच्या खाणीतला. इमारत १७९१ साली पुरी झाली, १९२१ साली जळाली आणि १९२८ पर्यंत पुन्हा उभी राहिली. पहिला दगड राज्यकर्त्यांनी आणलेला, दुसरा स्वतंत्र झालेल्या देशाने स्वतःच्या खाणीतून काढलेला.

मी डब्लिनला गेले ती भाचीकडे. ती तिथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिची रात्रपाळी असली की सकाळी ती झोपायची आणि मी शहरात हिंडायला मोकळी. जुन्या इमारतींचं वेड मला लहानपणापासून आहे. कुठल्याही गावात गेले की आधी दगड कुठला, चुना कसला, कोणी बांधलं आणि नंतर कोणी मोडलं हे विचारत सुटते. आयर्लंडमध्ये या शेवटच्या प्रश्नाला जेवढी लांब उत्तरं मिळतात तेवढी मला दुसरीकडे क्वचितच मिळाली.

कस्टम हाऊसचंच घ्या. ते बांधलं जेम्स गँडन या लंडनच्या वास्तुरचनाकाराने. रशियातून त्याला बोलावणं आलेलं होतं. ते सोडून १७८१ च्या वसंतात तो डब्लिनला आला, तोही गाजावाजा न करता, कारण नव्या जकातघराला शहरातल्या व्यापाऱ्यांचा कडवा विरोध होता. जुनं जकातघर नदीच्या वरच्या अंगाला, त्यांच्या वखारींच्या दाराशी होतं. नवं खाली समुद्राकडे सरकलं की शहराचा ओघ पूर्वेला वळणार, तिकडच्या जमिनींना भाव येणार आणि आपल्या पेढ्या ओस पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. जॉन बेरेसफर्ड या महसूल खात्यातल्या वजनदार माणसाने काम रेटलं. पायाचा पहिला दगड समारंभाशिवाय बसवला गेला. नॅपर टँडी नावाच्या पुढाऱ्यामागे माणसं फावडी आणि करवती घेऊन बांधकामावर चालून आली. गँडन कामावर जाताना तलवार जवळ बाळगत असे. त्यात जागा खाजणाची, खणलं की पाणी. त्याने लाकडी तुळयांची उभी-आडवी जाळी अंथरली आणि तिच्यावर पाया घेतला. पुढे गँडन डब्लिनचाच झाला. १८२३ साली तो वारला तो आयर्लंडमध्येच, आणि त्याला पुरलंही तिथेच.

या इमारतीत माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो तळमजल्याच्या कमानींसमोर. प्रत्येक कमानीच्या माथ्यावरच्या कळीच्या दगडात एकेक चेहरा कोरलेला आहे. असे १४ चेहरे. त्यांतले तेरा आयर्लंडमधल्या नद्यांचे आणि एक अटलांटिक महासागराचा. दाढीमिश्यांचे, गाल फुगलेले, कपाळाला आठ्या घातलेले हे सगळे पुरुष आहेत, फक्त लिफी तेवढी बाई. केसांत फळं, मासे, पाणवनस्पती गुंफलेल्या, म्हणजे ज्या नदीकाठी जे पिकतं ते तिच्या डोक्यावर. हे चेहरे कोरले एडवर्ड स्मिथने. तो मूळचा मीथचा, पाथरवटाचा मुलगा. गँडनला तो सापडला नसता तर घरोघरच्या शेकोट्यांच्या चौकटी कोरण्यात त्याचं आयुष्य गेलं असतं. स्मिथच्या छिन्नीला भीड नाही. ओठांच्या कडा आणि भुवईखालची खोबण त्याने इतकी खोल घेतली आहे की आभाळ भरून आलेलं असतानाही चेहऱ्यावर सावली पडते. डब्लिनमध्ये आभाळ भरलेलंच असतं, आणि स्मिथने ते हिशेबात धरलं होतं याबद्दल मला शंका नाही. स्वतंत्र आयर्लंडने १९२८ साली आपल्या नोटा छापल्या तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूला याच नद्यांचे चेहरे घेतले. ब्रिटिशांच्या जकातघरावरचं कोरीवकाम नव्या देशाने स्वतःचं म्हणून खिशात बाळगलं.

आणि हे त्याच इमारतीचं, जी त्यांनीच सात वर्षांपूर्वी पेटवली होती. १९२१ पर्यंत कस्टम हाऊसमध्ये जकातीपेक्षा स्थानिक कारभाराची दफ्तरं जास्त होती, सगळ्या देशावरचा ब्रिटिश कारभार ज्यांवर चालत होता ती. २५ मे १९२१ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या डब्लिन तुकडीने भरदिवसा आत शिरून कागदांवर रॉकेल ओतलं. इमारत कित्येक दिवस धुमसत राहिली, घुमट कोसळला. लष्करी दृष्टीने हा छापा महागात पडला. काही माणसं मारली गेली, ऐंशीच्या वर पकडली गेली. पण कारभाराचा कणा मोडला, आणि जुलैमध्ये युद्धविराम झाला. नंतर घुमट बांधताना पोर्टलंडचाच दगड मागवता आला असता. तो मागवला नाही. घुमटाचा वेगळा रंग काही जाणकारांना अजून खटकतो. मला तो आवडला. ज्यांनी जाळलं त्यांच्याच देशाने पुन्हा बांधलं, आणि कुठून कुठपर्यंत बांधलं ते झाकलं नाही.

नदीकाठानेच पश्चिमेकडे चालत गेलं की गँडनचीच दुसरी इमारत लागते, फोर कोर्ट्स, म्हणजे देशाचं मुख्य न्यायालय. थॉमस कूली याने सुरू केलेलं काम त्याच्या मृत्यूनंतर गँडनने १७८६ मध्ये हाती घेतलं आणि १८०२ मध्ये पुरं केलं. इथला घुमट बसका, रुंद, हिरव्या तांब्याचा आहे. पण इथे पोचल्यावर मला इमारतीकडे नीट पाहवेना, कारण तिच्या मागच्या अंगाला देशाचं अभिलेखागार होतं. स्वातंत्र्याचा करार मान्य करायचा की नाही यावरून आयरिश लोकांतच यादवी पेटली. कराराच्या विरोधकांनी फोर कोर्ट्सचा ताबा घेतला. २८ जून १९२२ ला नव्या सरकारने उसन्या ब्रिटिश तोफांनी त्यावर मारा सुरू केला आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन अभिलेखागार उडालं. मध्ययुगापासूनची मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या, १८२१ ते १८५१ पर्यंतच्या शिरगणत्या, सात शतकांचं दफ्तर. जळके कागद वाऱ्यावर तरंगत कित्येक किलोमीटरवरच्या हाउथपर्यंत जाऊन पडले. १८५१ नंतरच्या चार शिरगणत्या सरकारने आधीच आपल्या हातांनी नष्ट केल्या होत्या. म्हणून आज एखाद्या आयरिश माणसाने पणजोबांना शोधायला घेतलं तर त्याच्या हाती देशाची पहिली सबंध शिरगणती लागते ती १९०१ ची, मग १९११ ची. २०२२ मध्ये, स्फोटाला शंभर वर्षं होताना, ट्रिनिटी कॉलेजातल्या अभ्यासकांनी जगभरच्या संग्रहांमधून नकला आणि प्रती गोळा करून ते अभिलेखागार संगणकावर पुन्हा उभं करून खुलं केलं. घुमट सात वर्षांत परत येतो. कागदाला शंभर वर्षं लागली, तीही थोड्याशा परतीसाठी.

१९११ ची शिरगणती वाचली म्हणूनच हेनरिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या घराची गोष्ट नीट सांगता येते.

ही गल्ली उत्तर डब्लिनमध्ये आहे. पर्यटकांच्या वाटेपासून फार लांब नाही, तरी मी गेले तेव्हा चिटपाखरू नव्हतं. चढाची, दगडी फरसबंद, दोन्ही बाजूंना उंच विटांची घरं आणि वरच्या टोकाला गँडननेच आराखडा केलेलं किंग्ज इन्स, म्हणजे वकिलांची जुनी संस्था. ल्यूक गार्डिनर नावाच्या धनिकाने १७२० च्या दशकात इथे घरं उठवायला सुरुवात केली. डब्लिनची जी विटांची, लांब खिडक्यांची, रंगीत दारांची घरं आपण चित्रात पाहतो त्यांची ही थोरली भावंडं. बाहेरून घर अगदी साधं, सपाट. सगळी श्रीमंती खिडक्यांच्या प्रमाणात. रस्त्याच्या पातळीवर मध्यम उंचीच्या, पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच, कारण तिथे पाहुणे यायचे, आणि वर जावं तशा लहान होत गेलेल्या. सगळ्यांत वरच्या खिडक्या जवळजवळ चौकोनी. तिथे मुलं आणि नोकर राहत.

चौदा नंबरचं घर १७४० च्या दशकाच्या शेवटी बांधलं. पहिला रहिवासी रिचर्ड मोल्सवर्थ हा उमराव आणि सेनानी. त्या काळी डब्लिनला स्वतःची संसद होती, तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सभासद, वर उमराव वेगळे. दर हिवाळ्यात ही मंडळी खेड्यापाड्यांतल्या वाड्यांमधून शहरात यायची, आणि अशी घरं त्यांच्यासाठीच होती. १८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झालं. डब्लिनची संसद बंद. शंभर सभासद लंडनला गेले आणि त्यांच्या मागे शहरातला पैसा. घरं वकिलांकडे आली. १८५० च्या दशकात तर याच घरात, महादुष्काळाने बुडालेल्या जमीनदारांच्या जमिनी विकून देणारं न्यायालय भरत होतं. ज्या दिवाणखान्यात उमरावांनी मेजवान्या दिल्या तिथेच त्यांच्या जातभाईंच्या जहागिऱ्या लिलावात निघाल्या.

मग १८७७ मध्ये थॉमस व्हान्स नावाच्या घरमालकाने घर विकत घेतलं, मोठा जिना उपटून काढला, दालनांमध्ये लाकडी भिंती घातल्या आणि एका घराची अनेक बिऱ्हाडं केली. १९११ च्या शिरगणतीत या एका छपराखाली सुमारे १०० माणसांची नोंद आहे. सबंध गल्लीत आठशेच्या वर.

आत मार्गदर्शक बाई आम्हाला आधी वरच्या उंच दालनात घेऊन गेल्या. छताशी चुन्याच्या नक्षीची झालर, खाली मात्र रिकामी फळ्यांची जमीन. मग आम्ही मागच्या जिन्याने खाली आलो, बिऱ्हाडकरूंच्या जिन्याने, आणि तिथे मी थबकले. भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग गेरूसारखा गडद तांबडा, वरचा निळा, कपडे धुतल्यावर द्यायच्या निळीचा. बाईंनी सांगितलं, ही रेकिटची नीळ. स्वस्त म्हणून चुन्यात कालवून भिंतींना देत. रेकिट म्हणजे आपल्याकडे रॉबिन नीळ विकणारी तीच कंपनी. आमच्या घरी मोरीच्या कोनाड्यात तिची पुडी असायची आणि गणपतीच्या आधी आई चुन्यात चिमूटभर टाकायची, भिंती पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून. डब्लिनमधल्या त्या जिन्यावर निळीचे पापुद्रे सुटलेले होते, त्यांच्याखाली आधीचा थर, त्याखाली आणखी आधीचा. हाताच्या उंचीवर, जिथे शंभर माणसांची पोरं चढता-उतरता भिंतीला हात लावत गेली, तिथे रंग घासून गुळगुळीत झाला आहे. दुरुस्ती करणाऱ्यांनी तो तसाच ठेवला. पुन्हा रंगवला असता तर या घरातलं सगळ्यात खरं काही नाहीसं झालं असतं.

बिऱ्हाडकरूंच्या वाट्याला काय होतं? एका कुटुंबाला बहुधा एक खोली. पाणी आवारातल्या नळाचं, बादल्या भरून मजल्यावर न्यायचं. शौचकूपही आवारातच. क्षय घरोघरी. २ सप्टेंबर १९१३ ला जवळच्याच चर्च स्ट्रीटवर अशी दोन घरं कोसळून सात जण मेले, तेव्हा कुठे सरकारने चौकशी बसवली. चौदा नंबरमधली शेवटची बिऱ्हाडं मात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस हलली. शेवटची काही वर्षं इथे राहिलेल्या एका कुटुंबाची खोली आता जशीच्या तशी मांडलेली आहे. गुलाबी-हिरव्या फुलांचा भिंतीवरचा कागद, शेगडी, येशूची तसबीर, पलंगावर विणलेली चादर. महापालिकेने दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती केली आणि २०१८ मध्ये घर संग्रहालय म्हणून उघडलं. उमरावाच्या दालनाला आणि बिऱ्हाडकरूच्या खोलीला इथे सारखा मान दिला आहे. मी पाहिलेल्या ऐतिहासिक घरांमध्ये हे मला सर्वांत प्रामाणिक वाटलं.

ती बंद झालेली संसद भाचीने दाखवली. कॉलेज ग्रीनवर ट्रिनिटी कॉलेजच्या समोर अर्धवर्तुळाकार खांबांची, रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नसलेली इमारत. एडवर्ड लव्हेट पिअर्सने १७२९ मध्ये ती सुरू केली. दोन सभागृहांच्या संसदेसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली ही जगातली पहिली इमारत. विलीनीकरणानंतर बँक ऑफ आयर्लंडने ती ४०,००० पौंडांना घेतली, आणि विकताना अट अशी की इथे पुन्हा कधी सभा भरवता येणार नाही अशी आतली रचना बदलायची. कनिष्ठ सभागृह मोडलं. उमरावांचं दालन वाचलं. तिथे ओकच्या लाकडाच्या भिंती, काचेचं भलंमोठं झुंबर आणि बॉइनच्या लढाईचा विणलेला पडदा अजून आहे. "मावशी, इथेच माझं खातं आहे," भाची म्हणाली. एका पराभूत राष्ट्राने आपल्या संसदेत जाऊन रांगेत उभं राहायचं आणि पैसे काढायचे, हे दोनशे वर्षं त्यांनी कसं सोसलं असेल याचा विचार माझ्या मनातून जाईना.

ओ'कॉनेल स्ट्रीटवर सगळे टपाल कचेरी पाहतात, तशी मीही पाहिली. फ्रान्सिस जॉन्स्टनने ती १८१८ मध्ये पुरी केली. १९१६ च्या ईस्टरच्या सोमवारी पॅट्रिक पिअर्सने तिच्यासमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. आठवड्याअखेर तिच्या फक्त बाहेरच्या भिंती उरल्या. १९२९ मध्ये ती पुन्हा उघडली आणि टपाल कचेरी म्हणूनच उघडली, हे मला फार मोलाचं वाटलं. समोर जिथे इंग्रज नौसेनापती नेल्सनचा उंच स्तंभ होता तो मार्च १९६६ मध्ये स्फोटाने उडवला गेला. २००३ पासून तिथे १२० मीटर उंचीची पोलादी सुई उभी आहे. रस्त्याने चालताना तिचं टोक दिसतच नाही. मला ती कोरडी वाटली.

दुसरा स्तंभ पाडला नाही, त्याच्यापाशी मी जास्त रेंगाळले. फीनिक्स पार्कमध्ये वेलिंग्टनचा चौकोनी, वर निमुळता होत जाणारा दगडी स्तंभ आहे. ६२ मीटर उंच, रॉबर्ट स्मर्कचा आराखडा. १८१७ मध्ये पाया घातला, पैसे संपले आणि १८६१ पर्यंत काम लांबलं. तळाशी कांस्याचे मोठे उठावशिल्पांचे पत्रे, वॉटर्लूला जिंकलेल्या तोफा वितळवून ओतलेले. एकावर वॉटर्लू, आणि दुसऱ्यावर हिंदुस्थानातली युद्धं. वेलिंग्टन म्हणजे तेव्हाचा आर्थर वेलस्ली, जन्माने डब्लिनचा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी तो लढला, आणि वॉटर्लूनंतरही आयुष्यातली आपली सर्वांत सरस लढाई म्हणून तो असईचंच नाव घेत असे. असईच्या शेतांमधून मी फिरलेली आहे. खेळणा नदीचा तो उतार डोळ्यांसमोर होता. त्या पत्र्यासमोर उभी असलेली एक आयरिश शाळकरी मुलगी आपल्या बाईंना विचारत होती, हा आपला होता की त्यांचा? बाईंनी दिलेलं उत्तर मला ऐकू आलं नाही.

एवढं सगळं पुन्हा बांधणाऱ्या या शहराने स्वातंत्र्यानंतर स्वतःच्या हाताने जे मोडलं, त्याबद्दल मला मनापासून राग आहे. अठराव्या शतकातली ही विटांची घरं परक्यांची, ती गेली तर जाऊ देत, असं म्हणणारी पिढी होती. जून १९६३ मध्ये जुनी घरं पडून माणसं गेली आणि महापालिकेने सरसकट पाडापाडी सुरू केली. १९६५ मध्ये लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची सोळा घरं सरकारी वीज मंडळाने पाडून तिथे कचेरी उठवली. सलग घरांची एवढी लांब रांग शहरात दुसरी नव्हती. त्या कचेरीचं आयुष्यही पन्नासेक वर्षांचंच निघालं. तीही पाडून झाली. त्याहून वाईट वुड की. तिथे महापालिकेच्या कचेऱ्यांसाठी खणताना हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंग वस्ती लागली. कुडाच्या भिंतींची घरं, फळ्यांच्या वाटा, ओल्या मातीने जपलेल्या. सप्टेंबर १९७८ मध्ये वीस हजारांच्या आसपास लोक मोर्चाने आले, एक इतिहासाचे प्राध्यापक असलेले पाद्री पुढे. न्यायालयात लढले. तरी कचेऱ्या झाल्याच. त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांकडे मी पाहून घेतलं आणि पुढे गेले.

कॉर्कला आम्ही दोघी आगगाडीने गेलो. हे शहर ली नदीच्या फाट्यांमधल्या दलदलीवर वसलं आहे. मुख्य रस्त्याखालून अजून पाणी वाहतं. १९२० च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिशांच्या सहायक पोलिसांनी शहराचा मध्यभाग आणि नगरपालिका जाळली, त्यामुळे मधला भाग पुष्कळसा नव्याने बांधलेला. पण आम्ही आलो होतो ते सेंट फिन बारच्या कॅथेड्रलसाठी. हे काम विल्यम बर्जेसचं. १८६३ मध्ये स्पर्धा जिंकून त्याने ते मिळवलं. अंदाज होता १५,००० पौंडांचा. बर्जेसने तो गुंडाळून ठेवला आणि खर्च लाखाच्या वर नेला. पैसे दिले शहरातल्या मद्याच्या धनिकांनी. डब्लिनमध्येही हेच. सेंट पॅट्रिक्सची दुरुस्ती गिनेसने केली, क्राइस्ट चर्चची व्हिस्कीवाल्या हेन्री रो याने, आणि त्यात रो जवळजवळ धुवून निघाला.

तीन सुळके, करड्या चुनखडीच्या दगडाचे, आणि बाहेर-आत मिळून बाराशेहून अधिक शिल्पं. प्रत्येकाचा नमुना बर्जेसने मंजूर केलेला. पश्चिम दाराच्या एका बाजूला पाच शहाण्या कुमारिका पेटते दिवे धरून, दुसऱ्या बाजूला पाच अविचारी, दिवे विझलेल्या. एकीने तर हात कपाळावर मारून घेतला आहे. मागच्या बाजूला छताच्या टोकावर सोनेरी देवदूत, हातात दोन तुताऱ्या. ही बर्जेसने स्वतःच्या खर्चाने शहराला दिलेली भेट. तुताऱ्या पडल्या की जगाचा शेवट, अशी गावात समजूत. १९९९ मध्ये त्या चोरीला गेल्या आणि नंतर पुन्हा बसवल्या.

याच बर्जेसने १८६६ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसाठी एक आराखडा काढला होता. तो परवडणारा नव्हता म्हणून बांधला गेला नाही. पण त्याची रेखाचित्रं घेऊन मुंबईला आलेला त्याचा तरुण शिष्य विल्यम एमर्सन तिथेच थांबला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट बांधलं, आपली आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. तिच्या दारावरच्या अर्धवर्तुळांत लॉकवुड किपलिंगने कोरलेले शेतकरी आणि ओझी वाहणारी माणसं पाहिली असतील तर कॉर्कच्या दारातल्या कुमारिका ओळखीच्या वाटतात. दगडी कमानीत स्थानिक जीवन कोरायचं, प्रत्येक चेहरा वेगळा ठेवायचा, हा धडा एमर्सनने बर्जेसकडूनच घेतला, असं माझं मत आहे.

उत्तरेच्या टेकडीवर शँडनचा मनोरा, १७२२ चा. दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या, दोन पांढऱ्या चुनखडीच्या. त्याच्या घड्याळाच्या चार तबकड्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून गावाने त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हटलंय. पहिल्या मजल्यावर आठ दोर लटकतात आणि येईल त्या पाहुण्याला घंटा वाजवू देतात. सुरांचे आकडे लिहिलेले कागद ठेवलेले असतात. भाचीने एक धून वाजवली. खाली रस्त्यावरची माणसं वरही पाहत नव्हती, त्यांना हे रोजचं.

आयर्लंडला जाणाऱ्यांच्या यादीत गिनेसचा कारखाना आणि ट्रिनिटी कॉलेजातली केल्सची पोथी असतेच. माझं सांगणं एवढंच, की त्यांतलं एक कमी करावं लागलं तरी चालेल पण १४ हेनरिएटा स्ट्रीट चुकवू नका, आणि घरात कोणी चाळीत वाढलेलं ज्येष्ठ असेल तर त्यांना आवर्जून बरोबर न्या. घर एकट्याने हिंडता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात आणि एका वेळी थोड्याच लोकांना, तेव्हा नोंदणी आधी करून ठेवा.